आकाशांतील अलकनंदा

आमच्या लहानपणीं राहात्यांत उन्हाळ्याच्या रात्रीं माळवदावर अंथरुणें पडत, आणि झोंप लागेपर्यंत वडिलांकडून नक्षत्रांचीं नांवें विचारून घेणें हा आम्हां भावंडांचा नित्यक्रम असे. रात्र चढूं लागली कीं आकाशगंगेचा पांढुरका पट्टा आग्नेयेकडून वर येई. वडील म्हणत, "ही देवांची गंगा." आम्हांस तेवढें पुरे होई. आतां उत्तरेस शिरडीच्या दिव्यांची प्रभा रात्रभर आकाशांत राहते, नगर-मनमाड रस्त्यावरील मोटारींची रांग तुटत नाहीं, आणि नातवंडांस आकाशगंगा दाखवावयाची तर त्यांना घेऊन पेरूच्या बागांपलीकडे जावें लागतें. यांत कोणाचा दोष आहे असें नाहीं. यात्रेकरूंस उजेड हवाच. परंतु ज्या पिढीच्या डोळ्यांपुढून आकाशगंगा पुसली गेली, त्याच पिढीस दुसरी एक आकाशगंगा सांपडावी, आणि तीहि आपल्या पुण्यांत बसून सांपडावी, हा योग विलक्षण खरा.

२०२५ च्या नोव्हेंबरच्या अखेरीची गोष्ट. आमचे वडील बंधु नेहमींप्रमाणें सकाळीं वर्तमानपत्र मोठ्यानें वाचीत होते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांतील राशी जैन ही संशोधक विद्यार्थिनी व तिचे मार्गदर्शक डॉ. योगेश वाडदेकर यांनीं अतिदूरच्या एका आकाशगंगेचा शोध लाविला असून तिला 'अलकनंदा' असें नांव दिलें आहे, अशी ती वार्ता होती. वाचन संपतें न संपतें तोंच घरांत चर्चा सुरू झाली. आमचे व्याही त्या दिवशीं पाहुणे आले होते. ते म्हणाले, "यांत नवें काय? आपल्या पूर्वजांस हें सर्व ठाऊकच होतें. म्हणून तर नांव अलकनंदा!" सूनबाईंनीं विचारलें, "पण बाबा, इतक्या लांबचें हें खरें कशावरून मानावयाचें?" आमचे थोरले चिरंजीव हिशेबाच्या कामांत मुरलेले, त्यांनीं चहाचा पेला खालीं ठेवून एवढेंच विचारलें, "याचा उपयोग काय?" यंदा बारावीस असलेली आमची थोरली नात मात्र कांहीं बोलली नाहीं. तिनें तें पान मागून घेतलें आणि चित्राकडे पाहत ओसरीवर जाऊन बसली.

शाळा सुटून बरींच वर्षें झालीं तरी गुरुजीपणाची खोड जात नाहीं. प्रश्न कोणीं विचारला कीं त्याचें उत्तर शोधल्यावांचून आम्हांस अन्न गोड लागत नाहीं. आमचें शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपुरतें, पुढें पाठशाळेंत थोडेंबहुत संस्कृत. तेव्हां भौतिकशास्त्रांत आमचा अधिकार नाहीं हें आधींच सांगून ठेवितों. नातीनें वाचून दाखविलें, आमच्या एकदोन जुन्या विद्यार्थ्यांनीं समजावून दिलें, आणि जें उमगलें तें आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम नांवाचें पाहूं. बदरीकेदारची यात्रा ज्यांनीं केली आहे त्यांस सांगावयास नको कीं केदारनाथाहून येणारी ती मंदाकिनी आणि बदरीनारायणाहून येणारी ती अलकनंदा. दोघींचा संगम रुद्रप्रयागास होतो. पुढें देवप्रयागास भागीरथी मिळाली म्हणजे त्या प्रवाहास गंगा हें नांव मिळतें. आतां मंदाकिनी हें आकाशगंगेचेंहि एक नांव आहे, आणि हिंदींत तें अद्याप चालतें. आपली आकाशगंगा जर मंदाकिनी, तर तिच्यासारखीच दिसणारी ही दूरची आकाशगंगा तिची बहीण अलकनंदा, असा संशोधकांचा विचार. मराठींतले शास्त्रज्ञ अशा तारकासमूहास 'दीर्घिका' म्हणतात. संस्कृतांत दीर्घिका म्हणजे लांबट आकाराची विहीर किंवा पुष्करिणी. हा शब्द आम्हांस प्रथम रुक्ष वाटला होता. परंतु अमरकोश उघडला तों स्वर्गंगेच्या नांवांत 'मंदाकिनी' आणि 'सुरदीर्घिका' हीं दोन्हीं नांवें एकाच ओळींत भेटलीं, आणि आमचें समाधान झालें. पुढें आम्ही हाच शब्द वापरूं.

आतां ही दीर्घिका पाहिली कशी? पुण्याच्या गच्चीवरून नव्हे, आणि हिमालयाच्या शिखरावरूनहि नव्हे. ती पाहिली ती पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटरांवर अंतराळांत तरंगणाऱ्या दुर्बिणीनें. दुर्बीण इतक्या दूर नेऊन ठेवावयाचें कारण काय, हें समजून घेण्यासारखें आहे.

आपल्या डोळ्यांस दिसतो तो उजेड म्हणजे सगळा उजेड नव्हे. गवयाच्या गळ्यांत मंद्र, मध्य व तार अशीं तीन सप्तकें असतात. सृष्टीच्या उजेडाचीं सप्तकें त्याहून पुष्कळच अधिक आहेत, आणि आपल्या डोळ्यांस त्यांतलें जेमतेम एक कळतें. तांबड्याच्या खालीं अवरक्त किरण, त्याखालीं रेडिओलहरी. जांभळ्याच्या वर अतिनील किरण, त्यावर क्ष-किरण. तारे या सर्व सप्तकांत गात असतात. परंतु आपल्या डोक्यावर हवेचें पांघरूण आहे. अतिनील किरण बहुतांशीं ओझोन वायु अडवितो, क्ष-किरण वरच्या हवेंतच जिरतात, आणि अवरक्त किरणांचा मोठा भाग पाण्याची वाफ गिळते. हें पांघरूण आहे म्हणूनच आपण जिवंत आहों, तेव्हां त्याची निंदा करावयाची नाहीं. परंतु आकाश पाहणारास तें आड येतें.

रेडिओलहरींस मात्र हवा वाट देते. म्हणूनच पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें उभारलेल्या महाकाय दुर्बिणीस अंतराळांत जावें लागलें नाहीं. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० थाळ्या तेथें व आसपासच्या गांवांत पसरलेल्या आहेत, आणि ती दुर्बीण चालविणारें केंद्र तेंच, जेथें अलकनंदेचा शोध लागला. कै. गोविंद स्वरूप यांच्या हातून तें काम उभें राहिलें. आम्ही एकदां शाळेचीं मुलें घेऊन तेथें गेलों होतों. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, यांत डोळा कोठें लावावयाचा?" त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. आज देऊं कीं डोळा लावावयाचा नसतो. लहरी मोजावयाच्या असतात आणि मोजमापांवरून चित्र मांडावयाचें असतें.

बाकीच्या सप्तकांसाठीं हवेच्या वर जाणें प्राप्त आहे, आणि या कामीं आपला देशहि मागें राहिला नाहीं. २८ सप्टेंबर २०१५ रोजीं श्रीहरिकोट्याहून 'ॲस्ट्रोसॅट' नांवाची वेधशाळा आकाशांत गेली व सुमारें ६५० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीस प्रदक्षिणा घालूं लागली. तिच्यावरील क्ष-किरणांचीं यंत्रें तयार करण्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वांटा होता. अतिनील दुर्बीण बंगळूरच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानें झाली, आणि पुण्याच्या आयुका या संस्थेनें दोन्हीं कामांत हात लाविला. आयुका १९८८ सालीं स्थापन झाली. तिचे संस्थापक संचालक म्हणजे आपले डॉ. जयंत नारळीकर. कोल्हापुरांत १९३८ सालीं जन्मलेला हा पुरुष केंब्रिजची कीर्ति मागें टाकून मायदेशीं आला, संस्था उभारली, आणि मराठींत मुलांसाठीं गोष्टी लिहीत बसला. २० मे २०२५ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें, तेव्हां आमच्या घरांत तीन पिढ्यांना एकदम हळहळ वाटली, असें दुसऱ्या कोणा शास्त्रज्ञाविषयीं घडलेलें आम्हांस आठवत नाहीं.

या ॲस्ट्रोसॅटच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा ३८ सेंटिमीटरांचा, म्हणजे आपल्या घरांतील मोठ्या परातीहूनहि लहान. तरी २०१६ सालीं तिनें आकाशाच्या एका तुकड्याकडे २८ तासांहून अधिक वेळ टक लावून पाहिलें, आणि आयुकेतील डॉ. कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्या निरीक्षणांतून ९३० कोटि प्रकाशवर्षें दूर असलेल्या दीर्घिकेचा तीव्र अतिनील प्रकाश ओळखून काढला. निरीक्षण २८ तासांचें, परंतु तो प्रकाश खरोखर तिचाच आहे, दुसऱ्या कशाचा भास नव्हे, याची खात्री करण्यांत वर्षें गेलीं. शोध प्रसिद्ध झाला तो २०२० च्या ऑगस्टमध्यें. आमच्या चिरंजीवांनीं हें ऐकून मान डोलाविली. ताळेबंद जुळल्याखेरीज सही करूं नये, हा त्यांचाहि धर्म आहे.

अलकनंदा ज्या दुर्बिणीनें टिपली ती मात्र आपली नव्हे. अमेरिका, युरोप व कॅनडा यांनीं मिळून बांधलेली जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजीं दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावरून निघाली. तिचा आरसा साडेसहा मीटर व्यासाचा, अठरा षट्कोनी तुकड्यांचा, वर सोन्याचा पातळ मुलामा. ती अवरक्त किरण पाहते. आणि ज्या ज्या वस्तूस ऊब आहे ती अवरक्त किरण सोडतेच, म्हणून दुर्बीण स्वतः थंडगार राहिली पाहिजे, एरव्हीं तिच्याच उबेंत तारे बुडून जातील. याकरितां तिला पांच पदरी छत्री दिली आहे, आणि सूर्याकडे पाठ करून ती पृथ्वीच्या पलीकडे उभी केली आहे. तितक्याच अंतरावर, पण सूर्याच्या बाजूस, ६ जानेवारी २०२४ रोजीं आपला आदित्य एल्-१ जाऊन बसला, आणि त्यावरील सूर्यबिंब टिपणारी दुर्बीण आयुकेनें बनविली आहे. एक सूर्याकडे पाठ फिरवून आहे, दुसरा सूर्याकडे टक लावून आहे.

वेबनें टिपलेलीं चित्रें कुलुपांत राहत नाहींत. तीं जगांतील सर्व अभ्यासकांस खुलीं होतात. कांहीं तत्काल, कांहीं नेमलेल्या मुदतीनंतर. ज्याला ज्ञान आहे व चिकाटी आहे त्यानें तीं उघडावीं आणि शोधावें. यंत्र परक्यांचें, परंतु डोळा आमचा, असें यामुळें होऊं शकलें. सहस्रावधि अस्पष्ट ठिपक्यांतून राशी जैन यांनीं हा एक वेगळा ठिपका निवडून काढला: मध्यें तेजस्वी गाभा, त्याभोंवतीं दोन सारख्या वळणांच्या भुजा, आणि त्या भुजांवर सुतांत ओंवलेल्या मण्यांप्रमाणें नवजात ताऱ्यांचे पुंजके. या दीर्घिकेचा विस्तार सुमारें ३० हजार प्रकाशवर्षें आहे.

येथें निसर्गानेंहि हातभार लाविला. आपण व अलकनंदा यांच्या मध्यें दीर्घिकांचा एक प्रचंड समूह आहे. कांचेच्या गोल भांड्यांत पाणी भरून त्यांतून पंचांगाचीं अक्षरें पाहिलीं तर तीं मोठीं दिसतात, तसाच प्रकार येथें होतो. जड वस्तूजवळून जातांना प्रकाश वांकतो हें आईन्स्टाईन यांनीं गणितानें सांगितलें होतें, आणि १९१९ च्या खग्रास ग्रहणांत तें ताडून पाहण्यांत आलें. त्या समूहाच्या भारानें वांकलेला अलकनंदेचा प्रकाश आपणांस सुमारें दुप्पट तेजस्वी होऊन मिळतो.

आतां सूनबाईंचा प्रश्न: खरें कशावरून? याचें उत्तर आमच्या पाठशाळेंतल्या शिदोरीनें थोडेंसें देतां येतें. डोंगरावर धूर पाहिला कीं तेथें विस्तव आहे असें आपण म्हणतों. धूर प्रत्यक्ष, विस्तव अनुमानाचा. परंतु तें अनुमान खरें केव्हां? जेथें धूर तेथें विस्तव, हा नियम स्वयंपाकघरांत पुन्हां पुन्हां पारखलेला असेल तेव्हां. अलकनंदेच्या बाबतींत धूर म्हणजे निरनिराळ्या २१ गाळण्यांतून घेतलेलीं तिचीं चित्रें. रंगीत कांचेच्या चष्म्यांतून पाहावें, तसें प्रत्येक गाळणींतून एका ठराविक सप्तकाचा ठराविक सूर तेवढा येतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळें दूरचा प्रकाश वाटेंत ताणला जातो. अलकनंदेचा प्रकाश पांचपट ताणला गेला आहे. निघतांना जी लहर वीतभर, ती येथें पोहोंचतां पोहोंचतां पांच विती झाली. शिवाय अमुक एका मर्यादेपलीकडचा प्रकाश वाटेंतला हायड्रोजन गिळून टाकतो, त्यामुळें कांहीं गाळण्यांत ही दीर्घिका दिसते व कांहींत अजिबात दिसत नाहीं. कोठें दिसेनाशी होते तें पाहिलें कीं प्रकाश किती ताणला गेला हें कळतें, आणि त्यावरून काळ व अंतर हिशेबानें निघतें. हा नियमहि अनेक दीर्घिकांवर पारखून घेतलेला आहे.

हा हिशेब असें सांगतो कीं, अलकनंदेचा जो प्रकाश आज दुर्बिणींत पडला तो सुमारें १२०० कोटि वर्षांपूर्वीं निघाला. एवढ्या आंकड्यानें मन बधिर होतें, म्हणून घरगुती उदाहरण घेऊं. लग्नांत वधूस अरुंधती दाखविण्याचा आपल्याकडे आचार आहे. प्रकाश एका सेकंदांत सुमारें ३ लक्ष किलोमीटर चालतो, तरी अरुंधतीहून येथवर येण्यास त्याला सुमारें ऐंशी वर्षें लागतात. म्हणजे आजची वधू जो ठिपका पाहते, तो प्रकाश निघाला तेव्हां तिचे आजोबा पाळण्यांत असतील. आकाश पाहणें म्हणजे नेहमींच जुनें पत्र वाचणें होय. अलकनंदेचें पत्र पोहोंचावयास इतका काळ लागला कीं तें टाकलें तेव्हां आपली पृथ्वी नव्हती, सूर्यहि नव्हता.

शास्त्रज्ञांस नवल वाटलें तें मात्र अंतराचें नव्हे. याहून दूरच्या दीर्घिका ठाऊक आहेत. नवल वाटलें तें तिच्या नीटनेटकेपणाचें. विश्वाचें आजचें वय सुमारें १३८० कोटि वर्षें. अलकनंदेचा हा प्रकाश निघाला तेव्हां तें अवघें १५० कोटि वर्षांचें होतें. विश्वाचें आजचें वय शंभर वर्षें मानलें तर हें अकरावें वर्ष झालें. त्या बालवयांत दीर्घिका ओबडधोबड, विस्कळित असाव्या. गरगर फिरून, थंड होऊन, थाळीसारख्या सपाट व्हावयास आणि त्यांत डौलदार भुजा फुटावयास पुष्कळ अधिक काळ लागावा, अशी विद्वानांची समजूत होती. आणि येथें तर नुकती मुंज झालेला बटु, घरदार, मुलेंबाळें, गोठा, विहीर असा भरला संसार थाटून बसलेला दिसला! अलकनंदेंत सुमारें एक हजार कोटि सूर्यांइतक्या वजनाचे तारे आहेत, आणि वर्षाला सुमारें साठ सूर्यांइतके नवे तारे तेथें घडत होते. आपल्या आकाशगंगेंत आज जितके घडतात त्याच्या जवळजवळ वीसपट हा वेग आहे.

असें कसें झालें? थंड वायूचे ओघ संथपणें आंत येत राहिल्यानें थाळी लवकर स्थिर झाली असेल, किंवा शेजारच्या एखाद्या लहान दीर्घिकेच्या ओढीनें त्या भुजा उमटल्या असतील. दोन्हीं तर्क आहेत. तिच्यांतील वायु कोठें किती वेगानें फिरतो हें पुढें मोजलें म्हणजे निर्णय लागेल. आम्हांस यांतली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे "आमची समजूत चुकली असावी" हें वाक्य या लोकांनीं दुःखानें नव्हे, तर आनंदानें उच्चारलें. आम्हीं पस्तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहून हें वाक्य फार थोड्या वेळां उच्चारलें असेल.

व्याह्यांना आम्हीं काय सांगितलें तें येथें लिहावयास हरकत नाहीं, कारण ते हें पान वाचतात आणि रागावत नाहींत. नांव आपलें आहे, शोध त्या दोघांचा आहे. आपल्या पूर्वजांनीं नुसत्या डोळ्यांनीं व काठ्यांच्या छायेनें जें साधलें तें थोडकें नाहीं. परंतु जें त्यांनीं पाहिलें नाहीं तें त्यांच्या पदरीं बांधणें हा त्यांचा गौरव नव्हे. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे आमच्यासारखेच शिक्षकाच्या पेशांतले. त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ सालीं मराठींत प्रसिद्ध झाला, आणि आजहि जाणते लोक तो मानितात, कारण ग्रंथ पाहून व गणित ताडून जें निघालें तेंच त्यांनीं लिहिलें. पूर्वजांची खरी भक्ति ती ही.

राहिला चिरंजीवांचा प्रश्न, उपयोगाचा. अलकनंदेनें भाकरी भाजली जात नाहीं हें आम्हीं तत्काल मान्य केलें. उगाच ओढूनताणून फायदे सांगूं नयेत. परंतु आमच्या वडिलांस लोक विचारीत, "मुलाला संस्कृत शिकवितां, त्यानें पोट भरेल काय?" तें भरलें, फार चविष्ट नाहीं, पण भरलें. आणि ज्या घरांत पोटापलीकडचें कांहीं कोणी विचारीतच नाहीं, त्या घरांतील मुलें पुढें पोटाचा प्रश्नहि नीट सोडवूं शकत नाहींत, असा आमचा गांवांतला अनुभव आहे. चिरंजीव यावर हंसले व म्हणाले, "बाबा, प्रश्न अलकनंदेचा नाहीं, आपल्या मुलीचा आहे." खरी गोष्ट बाहेर आली ती अशी. नातीस पुण्यास जाऊन भौतिकशास्त्र घ्यावयाचें होतें, आणि तिनें तें आईजवळ बोलून ठेविलें होतें. घरच्यांचा विचार होता कीं जवळपास औषधनिर्माणशास्त्रास घालावें. आमचा शब्द काय पडतो याची सर्व वाट पाहत होते.

येथें आम्हांस आमचीच एक जुनी गोष्ट सांगणें भाग आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या हाताखालून एक मुलगी गेली. गणितांत तिच्यासारखी बुद्धि आम्हीं पुन्हां पाहिली नाहीं. बापाचें लहानसें किराणा दुकान. दहावी झाल्यावर मुलगी म्हणूं लागली, मला आकाशाचा अभ्यास करावयाचा आहे. बाप गोंधळून आमच्याकडे आला. आम्हीं क्षणभरहि विचार न करितां सांगितलें, "मुलगी हुशार आहे, पण या वाटेनें तिचें काय होणार? अध्यापक विद्यालयांत घाला, दोन वर्षांत नोकरी लागेल." तसेंच झालें. तिला नोकरी लागली, ती उत्तम शिक्षिका झाली, आणि आम्ही चांगला सल्ला दिला या समाधानांत राहिलों.

ती बाई या बातमीनंतर आठदहा दिवसांनीं माहेरीं आली असतां आम्हांस भेटावयास आली. पिशवींतून तिनें तेंच कात्रण काढलें. म्हणाली, "गुरुजी, माझ्या वर्गांतल्या मुलींना हें वाचून दाखविलें." आमच्यानें राहवेना. आम्हीं विचारलें, "त्या वेळीं आम्हीं तुझ्या वडिलांस जें सांगितलें, त्याचा तुला राग आहे काय?" ती थोडा वेळ कात्रणाची घडी घालीत राहिली. मग म्हणाली, "राग नाहीं, गुरुजी. तुम्हीं माझ्या भल्यासाठींच सांगितलेंत. फक्त मला विचारून सांगितलें असतेंत, तर बरें झालें असतें."

एवढें बोलून ती आमच्या सौभाग्यवतींशीं बोलावयास आंत गेली. आम्ही बराच वेळ ओसरीवर बसून राहिलों. तिला आम्हीं खरोखरच कांहीं विचारलें नव्हतें. तिच्या गणिताच्या वह्या वर्षानुवर्षें तपासल्या, उत्तरांखालीं शाबासकी लिहिली, आणि जेव्हां तिच्या आयुष्याचें गणित आलें तेव्हां उत्तर आम्हींच लिहून टाकलें. अलकनंदेच्या शोधकर्त्यांनीं आपली समजूत ठिपक्यावर लादली नाहीं, ठिपक्यास बोलूं दिलें. आम्हीं आमच्यापुढें उभ्या असलेल्या मुलीसहि बोलूं दिलें नाहीं.

त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर आम्हीं नातीस सर्वांसमोर बोलाविलें व विचारलें, "बाळ, तुला काय वाटतें तें सांग. आमचा शब्द मागाहून." ती म्हणाली, "आजोबा, मी शास्त्रज्ञ होईन कीं नाहीं तें मला नक्की सांगतां येत नाहीं. पण तें चित्र पाहिल्यावर त्याचें पुढें काय झालें असेल, हेंच सारखें डोक्यांत येतें. मला पदवीपर्यंत शिकूं द्या. जमलें तर पुढें जाईन, नाहीं जमलें तर येऊन सांगेन." चिरंजीवांनीं वसतिगृहाचा खर्च विचारला, तिनें तो कागदावर मांडून आणला होता. सूनबाईंनीं विचारलें, राहणार कोठें. आत्येच्या घराजवळचें महाविद्यालय तिनें आधींच पाहून ठेविलें होतें. आमच्या शब्दाची फारशी गरज उरली नाहीं, आणि याचें आम्हांस वाईट वाटलें नाहीं. बारावी पार पडली कीं तिनें पुण्यास जावें असें ठरलें. तिच्यांत ती बुद्धि आहे कीं नाहीं तें आम्हांस ठाऊक नाहीं. तें ठरविण्यास तिला अवकाश मिळाला, इतकेंच आम्हीं केलें.

आमच्या वाचकांत ज्यांच्या घरीं अशीं मुलें आहेत त्यांना दोन गोष्टी सुचवितों. फेब्रुवारीच्या २८ तारखेस राष्ट्रीय विज्ञानदिन असतो. त्या सुमारास खोडदची दुर्बीण व पुण्याची आयुका येथें सर्वसामान्यांस पाहावयास मिळतें. आधीं चौकशी करून मुलांना, विशेषतः मुलींना, अवश्य घेऊन जावें. दुसरी गोष्ट त्याहून सोपी. वर्षांतून एखाद्या अमावास्येच्या रात्रीं गांवाच्या दिव्यांपलीकडे सतरंजी टाकून घरच्या सर्वांनीं तासभर आकाशाखालीं बसावें, आणि मुलांनीं जें विचारलें त्याचें उत्तर येत नसेल तर "ठाऊक नाहीं, आपण शोधूं" असें मोकळेपणानें म्हणावें. आम्हीं त्या जुन्या विद्यार्थिनीस कळविलें आहे कीं खोडदला जाऊं तेव्हां तिनेंहि आपल्या वर्गांतल्या मुली घेऊन आमच्याबरोबर यावें. तिनें होकार दिला आहे. डोळा कोठें लावावयाचा हा प्रश्न पुन्हां कोणी विचारील. या खेपेस उत्तर तिनें द्यावयाचें आहे.